ठराव सरपंचाच्याच घरात शिरला तवा

माझं नाव विजयमाला. आमी जैन कासार. हुपरीच्या अलीकडं एसटी फाट्यावर थांबती, तिथनं आत चालत आलं की आमचं गाव. चार पिढ्या झाल्या, ह्या गावातल्या बायकांच्या हातात काकणं आमच्याच घरानं भरली. मालक, म्हंजे आमचं भूपाल, दुकान बघत्यात आन् मी पेटी घिऊन घरोघरी जातो. व्हय, ‘जातो’च. आमच्याकडं बाई ‘मी जातो, मी येतो’ असंच म्हणती. पुण्याच्या पावण्यांना त्येचं हसू येतंय. हसा बापड्यांनो, आमचं काय जातंय!

तर मी सांगणार हाय ती आमच्या सरपंचाची गोष्ट. सरपंच म्हंजे क्रांती. तिच्या लग्नाचा हिरवा चुडा मीच भरलाता. माहेर तिचं नृसिंहवाडीकडचं, लहानपणापासनं म्हशी धुवून आन् दुधाच्या किटल्या उचलून तळहात ह्यो असा टणक. नवरीचा हात दाबून दाबून काकण चढवताना पोरी रडत्यात, आया भांडत्यात. ही म्हणली, "मावशी, दाबा की जोरात. मी काय साखरेची हाय?" तवाच मी मनात म्हटलं, ही पोरगी गावाला जड जाणार.

जड गेलीच. आल्या आल्या दूध संस्थेत फॅट बघायला लागली. शेण काढायचं बायकांनी, धारा काढायच्या बायकांनी, किटली डोक्यावर आणायची बायकांनी आन् सभासद मात्र गडी माणूस. तिनं संस्थेच्या मीटिंगमधी उठून इचारलं, "म्हस कुणाला वळखती? तुमाला का तुमच्या बायकोला?" त्या वर्षी निम्म्या बायका सभासद झाल्या. गावात लोकं म्हणायला लागली, कानामागनं आली आन् तिखट झाली. झाली तर झाली! आळणी खाऊन कुणाचं पोट भरलंय?

मग सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. गावातल्या शहाण्यांनी इचार केला की क्रांतीचा नवरा अमरसिंह गरीब माणूस, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय. बायकोला खुर्चीत बसवू आन् कारभार आपुन हाकू. ह्या शहाण्यांचा म्होरक्या विजयसिंह. मोठी शेती, मोठा आवाज, पांढरी गाडी. त्येनंच तिचा प्रचार केला आन् आपण उपसरपंच झाला.

पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत टेबलामागं दोन खुर्च्या मांडल्या. एक तिला, एक तिच्या नवऱ्याला. सगळीकडं हीच रीत की, बाई सही करणार आन् नवरा बोलणार. विजयसिंह म्हणला, "अमर, बस की." अमरसिंह हसला. म्हणला, "नको बाबा. मी दिवसभर भट्टीम्होरं हुबा असतो, बसायची सवयच मोडलीया. आन् निवडून ती आलीया, मी कुठं आलोय?" एवढं बोलून त्येनं दुसरी खुर्ची उचलली आन् बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली, म्हाताऱ्या माणसांना टेकायला. असला नवरा सगळ्यांना मिळत न्हाय. मला मिळाला न्हाय म्हणून सांगतो. भूपाल हे ऐकणार असतील तर ऐकू देत.

खुर्चीत बसल्यावर क्रांतीनं पहिलं काम काय केलं, तर गावातल्या घरांच्या उताऱ्यावर नवऱ्यासंगट बायकोचं नाव लावायला घेतलं. गडी माणसं आत यायची, टेबलावर हात आपटायची. ही म्हणायची, "दादा, घर सारवती ती, त्यात राबती ती, मग नाव लागलं तर तुमचं कुठं दुखतंय ते तेवढं सांगा." कुठं दुखतंय ते कुणालाच सांगता येईना. विजयसिंहाच्या लक्षात आलं की आपुन मांजर म्हणून जे आणलं ते वाघरू निघालं. पण आता काय? आपल्याच हातानं आणलेलं.

त्येच सुमाराला आपल्या जिल्ह्यातल्या एका गावानं ठराव केलाता, की नवरा मेल्यावर बाईची काकणं फोडायची न्हाईत, कुंकू पुसायचं न्हाय, जोडवी-मंगळसूत्र काढायचं न्हाय. पेपरात आलं, मुंबईतनं सरकारनंबी सगळ्या गावांना कळवलं. क्रांतीनं आमच्या गावसभेत त्योच ठराव मांडला. वरनं एक कलम आपल्या मनानं घातलं. कुणी जबरदस्तीनं काकणं फोडली, तर त्येनं पुढच्या गावसभेत सगळ्यांच्या देखत उठून त्या बाईची माफी मागायची. दंड न्हाय, पोलीस न्हाय. नुसतं उठायचं आन् म्हणायचं, मी चुकलो.

मीबी हात वर केला. खोटं कशाला बोलू, अर्धा हात धंद्यासाठी केला. नवरा गेला की बाई माझ्या गिऱ्हाइकीतनं कायमची उठती. काल जिच्या हातात मी डझनभर भरली, ती आज मी दारात दिसलो की आत जाती. मला बघून आत जाती, हे इतक्या वर्षांत मला एकदाबी गोड लागलं न्हाय. त्यो उरलेला अर्धा हात त्येच्यासाठी हुता. आन् टाळ्या सगळ्यात मोठ्या कुणी वाजवल्या? विजयसिंहानं! पेपरात फोटो त्येचाच आला, क्रांती मागं कुठंतरी अर्धी दिसत हुती.

पण ठराव कागदावर व्हतो तवा सगळ्यांनाच गोड लागतो. वरीसभरानं विजयसिंहाचा धाकटा भाऊ राजवर्धन गाडीवरनं पडून गेला. त्येची बायको तेजस्वी, कोवळी पोर, चांदीच्या पट्ट्यांना, म्हंजे पैंजणांना, डाग देऊन जोड सांधायचं काम शिकत हुती. मढं दारात असताना घरातल्या बायका घुटमळल्या, आता ठराव झालाय, काय करायचं? विजयसिंह गरजला, "ठराव पंचायतीत! माझ्या घरात रीत चालती." झालं, फोडली.

क्रांती दुसऱ्या दिवशी त्येच्या घरी सांत्वनाला गेली. तेजस्वीला पोटाशी धरलं, चहा घेतला न्हाय आन् निघताना विजयसिंहाला म्हणली, "भावजी, दुःख झालंच. पण पुढच्या सभेत उठायला लागंल." अख्ख्या गावाला वाटलं, आता ही दोघं फाटणार. फाटलीच. पण त्यो उठला. ज्या ठरावाला टाळ्या वाजवून फोटो काढून घेतलाता, त्येला नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? शंभर माणसांच्या देखत आपल्या भावजयीकडं बघून म्हणला, "चुकलो." आवाज एवढा बारीक की मागच्यांना ऐकू गेला न्हाय. मागनं एक म्हातारी वरडली, "माईक लावा की!" सगळी हसली. ते हसणं विजयसिंहाच्या काळजात रुतलं, ते काय निघालं न्हाय.

तेजस्वी मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली. निळी काकणं भरून गेली. आता रोज एसटीनं हुपरीला चांदीच्या कारखान्यात जाती, स्वतःचं कमावती. जाता-येता हात हलवती तवा मला बरं वाटतंय.

आन् मग ऑगस्ट उजाडला. दुपारपाळीला अमरसिंह कामावर हुता. छातीत चमक मारती म्हणला, पाणी प्याला आन् तिथंच बसला. बसायची सवय मोडलेला माणूस बसला त्यो उठलाच न्हाय. सांजच्याला अँब्युलन्स दारात आली. मी धावत गेलतो. क्रांती त्येच्या उशाला बसलेली. डोळ्यात पाणी न्हाय, नुसती त्येच्या कपाळावरचं केस मागं सारत हुती.

आणि आक्का. आक्का म्हंजे अमरसिंहाची आई, क्रांतीची सासू. जवानीत रांडपण आलेली, एकट्या पोराला शेतात राबून वाढवलेली. तिचं त्या पोरापल्याड जगात दुसरं काय नव्हतं. छाती बडवता बडवता तिची नजर क्रांतीच्या हातावर गेली. केस मागं सारताना काकणं किणकिणत हुती. आक्काच्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. "माझा पोरगा गेला आन् हिच्या काचा वाजत्यात?" असं वरडली, चुलीपुढचा दगड घेतला, सुनंचा हात उंबऱ्यावर धरला आन् घातला. दोन्ही हातातली फोडली. पदरानं कुंकू पुसलं. आमी सगळ्या बायका बघत हुतो. एकीनंबी आक्काचा हात धरला न्हाय. मी धरला न्हाय. क्रांतीच्या मनगटातनं रगत आलं, तिनं बघितलंसुदिक न्हाय.

आमच्या धंद्यात काकण ‘फुटलं’ म्हणत न्हाईत, ‘वाढवलं’ म्हणत्यात. त्या दिवशी मी बघितलं ते वाढवणं नव्हतं. सरळ फोडणं हुतं, आन् ज्या बाईनं ठराव केला तिचीच फोडली हुती.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं न्हाऊन कपाळाला कुंकू लावलं. आक्कानं बघितलं आन् भिंतीकडं तोंड केलं. दोघी एका घरात, एका दुःखात, पण एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पंधरा ऑगस्टची गावसभा तोंडावर आलती. विजयसिंह भेटायला आला. मी तिथंच बसलोतो. खाली मान घालून बसला आन् हळूच म्हणला, "वैनी, तेरावाबी झाला न्हाय. तुमी काय घराभाईर पडू नका. झेंडा मी लावतो, सभा मी चालवतो."

"आणि?" क्रांती म्हणली. तिला त्येचं पुढचं वाक्य ठाऊक हुतं.

"आणि त्यो ठराव गप्प मागं घेऊ. आक्कांचं वय काय, दुःख काय. त्यांनी सभेत उठून सुनंची माफी मागायची? लोक काय म्हणतील? घरची अब्रू घरात राहू दे." मग आवाज जरा बदलला. "न्हायतर मग त्यांना उठवायला लागंल, वैनी. मला उठवलं तसं. तुमच्या घराला एक न्याय आन् माझ्या घराला दुसरा, असं तर चालणार न्हाय. लोका सांगे ब्रह्मज्ञान आन् आपण कोरडा पाषाण, असं व्हायचं."

मला लई राग आला. पण आयला, माणूस खोटं बोलत नव्हता! हीच तर पंचाईत हुती. आक्काला सोडलं तर ठराव मेला. आक्काला उठवलं तर पोटचा पोरगा जाऊन चार दिवस झालेल्या म्हातारीला भर सभेत नाक घासायला लावल्यागत हुतं. विहीर तरी न्हायतर आड तरी.

त्यो गेल्यावर मी क्रांतीला म्हटलं, "पोरी, घे मागं. आत्ता राहू दे, पुढच्या वर्षी परत मांड. म्हातारीकडं बघ जरा. आन् खरं सांगू का, तूबी त्या वेळी हात वढला न्हाईस. गप्पच बसलीस."

ती माझ्याकडं वळली. अमरसिंह गेल्यापासनं पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "माझा नवरा पुढ्यात निपचित पडलेला, मावशी. त्या वेळी कुणी माझा हात तोडून नेला असता तरी मला कळलं नसतं. म्हणून तर त्याच वेळी फोडत्यात. बाई भानावर असली तर कोण फोडून घेईल?"

तेवढ्यात मागच्या दारानं तेजस्वी आली. जावेची नजर चुकवून आलीती, धापा टाकत हुती. "वैनी, ठराव मागं घेणार हाईसा असं दादा घरात सांगत हुतं. जावबाई मला म्हणल्या, सभा झाली की ही काकणं उतरवून ठेव." आन् तिनं निळ्या काकणांचे दोन्ही हात छातीशी धरलं, कुणी हिसकावून घेईल असं.

क्रांती माझ्याकडं बघून म्हणली, "मावशी, तुमच्या मनासारखं करतो. घेतो ठराव मागं. फक्त एक करा, हिच्या हातातली काकणं तुमीच काढा. भरलीबी तुमीच हाईसा."

काढायला माझा हात उठला असता तर मी कासारीण कसली!

क्रांती उठली आन् आक्का बसली हुती त्या खोलीच्या दारात जाऊन हुबी राहिली. सासूला ती आत्ती म्हणती. "आत्ती, पंधरा तारखेला सभेला यायचं हाय. मी नाव घेणार हाय तुमचं. मला तुमचा राग न्हाय. पण नाव घेणार." आक्काचं तोंड भिंतीकडंच हुतं.

पंधरा ऑगस्टला गावात अशी गर्दी कधी झाली नसंल. झेंड्यापेक्षा तमाशा बघायला आलेली जास्त. क्रांती आली, पांढरं पातळ, कपाळाला कुंकू, हात मोकळे आन् मनगटावर पट्टी. झेंड्याच्या दोरीला तिनं हात घातला तवा मागनं कुणीतरी पुटपुटलं, "अशुभ हाय हे." ती वळलीसुदिक न्हाय. दोरी वढली, झेंडा फडकला. देशाच्या झेंड्याला अशुभ वाटलं नाही, ह्यांना वाटलं!

सभा शाळेच्या पटांगणात. पुढं बाप्ये, डाव्या बाजूला बायका. मी पेटी घेऊनच गेलतो, सभा सुटल्यावर दोन घरी काकणं भरायची हुती. आक्का येती का न्हाय ह्याकडं सगळ्यांचं ध्यान. आली. काठी टेकत आली आन् बायकांच्यात खाली बसली.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मागच्या सभेचं वाचून दाखवलं. ते संपतंय न संपतंय तवर विजयसिंह उठला. ह्या खेपेला माईक त्येनं आपणच हातात घेतलाता. "विधवा प्रथेचा ठराव रद्द करावा असं मी मांडतो. कारण काय, तर ज्यांनी केला त्यांच्याच घरात मोडला. दिव्याखाली अंधार! आता एक तर ठराव रद्द करा, न्हायतर..." त्येनं मान आक्काकडं वळवली आन् वाक्य अर्धंच सोडलं. बाप्यांच्यातनं दोघा-चौघांनी माना हलवल्या.

क्रांती उठली. "उपसरपंच बोलले ते बरोबर हाय," ती म्हणली. सगळीकडं कुजबूज. "ठराव माझ्या घरात मोडला. ज्या दिवशी माझा नवरा गेला त्या दिवशी माझी काकणं फोडली. मी हो म्हटलं नव्हतं. उपसरपंचांना ह्या गावानं उठवलं, तर माझ्या घरालाबी उठायला लागंल. आत्ती, उठा."

म्हातारीच्या डोक्यावर पदर, पदराखाली तोंड दिसंना. मला वाटलं, ही आता रडणार, न्हायतर सुनंला शिव्या घालणार आन् निघून जाणार.

आक्का काठीवर जोर देऊन उठली. सुनंकडं बघून, लई मोठ्यानं, माईक नको एवढ्या मोठ्यानं म्हणली, "क्रांती, मी चुकलो. तुझा हात माझ्या पोराच्या कपाळावर हुता. त्यो मी वढून दगडाखाली घेतला. माझा पोरगा असता तर त्येनं मला हे करू दिलं नसतं."

क्रांतीचा बांध तिथं फुटला. अमरसिंह गेल्यापासनं रडायचं राहिलं हुतं ते सगळं तिथं रडली, सरपंचाच्या खुर्चीम्होरं हुबी राहून, तोंड न झाकता. मी रडलो. माझ्या शेजारची रडली. पलीकडं भाऊसाहेब चष्मा पुसत हुतं.

विजयसिंहाला वाटलं, झालं आता, जिंकायचं राहिलं पण निदान फिटंफाट झाली. त्यो बसायला गेला. आक्का मात्र बसली न्हाय.

"मी उठलो, माफी मागितली," ती म्हणली. "आता माझं काय?"

"तुमचं काय, आक्का?" भाऊसाहेब म्हणलं.

"माझीबी फोडलीती की. मालक गेलं तवा. अमर माझ्या मांडीवर पीत हुता, तशा पोराला वढून बाजूला टाकलं आन् हात दगडावर धरला. मी वरडत हुतो, नको म्हणत हुतो. मी गप्प नव्हतो बसलो. माझी माफी कुणी मागायची?"

विजयसिंह घाईनं म्हणला, "आक्का, ती जुनी गोष्ट. ठराव आत्ताचा. मागच्या गोष्टींना लागू व्हत न्हाय."

आक्कानं बाही वर सारली. काळं, वाळलेलं मनगट पुढं केलं. "ठराव नवा असंल," ती म्हणली, "हात त्योच हाय की!"

भाऊसाहेब क्रांतीकडं बघायला लागलं, क्रांती सासूकडं. आन् तेवढ्यात बायकांच्या मागच्या वळीतनं एक म्हातारी उठायला लागली. गुडघं धरून, शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून उठली. मालन काकी. विजयसिंहाची आई.

"आई, तू कुठं? खाली बस," विजयसिंह वरडला.

"तू बस," मालन काकी म्हणली. "लई बोललास." मग आक्काकडं वळली. दोघी एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आलेल्या. "आक्के, तुझा हात मी धरलाता. दगड माझ्या सासूच्या हातात हुता पण हात मी धरलाता. तू मला म्हणत हुतीस, मालन, तू तरी सोड. मी सोडला न्हाय. पुढं माझा मालक गेला तवा माझा कुणीतरी धरला. परवा तेजस्वीचा धरला तवा मी आतल्या खोलीत बसून ऐकत हुतो, माझा पोरगा गेलाता, पण मी बहिरी झालो नव्हतो. मी चुकलो, आक्के."

मग काय झालं ते मी सांगून तुमाला खरं वाटायचं न्हाय. एक उठली, दुसरी उठली. पांढऱ्या कपाळाच्या बायका, ज्या मला बघून आत जायच्या त्या. एक म्हणली, "माझ्या जावंनं धरलाता." दुसरी म्हणली, "माझ्या सख्ख्या आईनं." एकीनं तर भर सभेत आपल्या भावाचं नाव घेतलं, त्यो पुढच्या वळीत बसलाता. कुणी खालच्या मानेनं हात जोडलं, कुणी नुसतं उठून हुबं राहिलं. बाप्ये पायाखालची माती बघत हुते. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावातली गडी माणसं एवढा वेळ गप्प बसलेली मी बघितली.

क्रांतीनं तोंड पुसलं आन् खुर्चीत बसली. "उपसरपंचांनी ठराव रद्द करा असं मांडलंय. बाजूनं ज्यांचा हात हाय त्यांनी वर करा."

एकबी हात न्हाय. विजयसिंहाचा हात मांडीवरच राहिला. आई अजून हुबी हुती आन् त्येच्याकडंच बघत हुती.

"ठराव कायम ठेवायचा, त्यांनी वर करा." हात वर गेलं. भरलेलं हात, मोकळं हात, बाप्यांचंबी गेलं. तेजस्वीनं दोन्ही वर केलं. भाऊसाहेब म्हणलं, "एकच धरतो हां ताई," आन् रडता रडता सगळी हसली.

भाऊसाहेबांनी पेन उघडलं. "आक्कांचं काय लिहू? मागच्या गोष्टींना लागू का न्हाय?"

"लिहा," क्रांती म्हणली. "जोवर हात जिवंत हाय, तोवर लागू." कायद्यात असं बसतंय का न्हाय मला म्हाईत न्हाय. वर तालुक्याला कुणी साहेबानं त्येच्यावर लाल रेघ मारली असंलबी. आमच्या गावात त्या दिवसापासनं ते लागू हाय.

मी पेटी उघडली. मला कुणी सांगितलं नव्हतं. सरळ पुढं गेलो, क्रांतीच्या टेबलाम्होरं खाली बसलो आन् म्हटलं, "हात दे." तिनं आक्काकडं बघितलं. "आधी आत्तींना भरा."

"मला नगोत," आक्का म्हणली. "मला काचा नको हुत्या. मला कुणीतरी चुकलो म्हणायला पायजे हुतं. ते झालं." मग काठी खाली ठेवली, माझ्या शेजारी बसली आन् सुनंचं मनगट दोन्ही हातांनी धरून माझ्याम्होरं केलं. पट्टीला धक्का लागू नये असं, हलकं धरलं. मी एकेक काकण चढवलं. हिरवं न्हाय, लाल न्हाय, तिला आवडतंय ते जांभळं. त्यो टणक तळहात मी परत एकदा दाबला. ह्या खेपेला ती ‘जोरात दाबा’ म्हणली न्हाय आन् मीबी दाबलं न्हाय.

भरून झाली की बाई काकणांना हात लावून नमस्कार करती आन् कासारणीनं तोंडभरून म्हणायचं असतंय, अखंड सौभाग्यवती हो. क्रांतीनं नमस्कार केला. माझं तोंड उघडलं आन् तसंच राहिलं. चार पिढ्या आमचं घर एवढं एकच वाक्य बोलत आलंय, आन् तिला ते म्हणायचं कसं? सगळी माझ्याकडं बघत हुती. आक्कानं अजून तिचा हात सोडला नव्हता.

मी म्हटलं, "पोरी, खुर्ची सोडू नको."